गोळ्यांच्या पाकिटातलं बी

आमच्या दवाखान्यात गोळ्या द्यायची कागदी पाकिटं आहेत.
वर छापलेला एक सूर्य, एक चंद्र,
शेजारी खूण करायला रिकामे चौकोन.
मी त्यात बी भरत गेले,
लसीकरणाच्या फेरीवर, धुऱ्याधुऱ्यानं.

कुर्डू, सोनुन्यांच्या वावराकडून.
पिवळी तिळवण, पांदणीच्या वळणावर.
खुळखुळा: शेंग कानाशी हलवली, मगच तोडली.
तेरड्याचं मुठीत राहिलं तेवढंच,
बाकीचं बोटांना धक्का देऊन पळालं.

डॉक्टरांनी आधी गुलाब लावले होते.
टँकर यायचा गुरुवारी,
आणि गुलाबाला वार कळत नाही.
उरल्या बारा कुंड्यांत बारा काटक्या,
आणि मुरमाची एक पट्टी
फाटकापासून बंद पडलेल्या हापशीपर्यंत.
ती मी मागून घेतली.

वैशाखभर पाकिटं पत्र्याखाली तापत ठेवली.
खाली टेबलावर बर्फाच्या पेटीत लसी.
एकाच खोलीत मी दोन प्रकारचे जीव सांभाळले,
एक थंडीत, एक उन्हात,
आणि दोन्हींची तारीख लिहून ठेवली.

रोहिणीत रेतीत कालवून फेकलं.
खत नाही. आळं नाही.
दंताळ्यानं माती ओरखडली, पायानं दाबली,
कडेनं राखेची रेघ ओढली
मुंग्यांसाठी. त्यांनी ती मानली नाही.

पहिल्या साली मी चुकले.
दोन पानांवर सगळेच सारखे दिसतात,
वजनकाट्यावरच्या बाळांसारखे.
मी उपटलं ते कुर्डू होतं.
मी जपलं, हात धुतलेलं पाणी घालून वाढवलं,
पांढरं बारीक फूल आल्यावर फोटो काढला,
ते गाजरगवत.

दुसऱ्या साली पंचफुलाबाई आली, बीपीच्या गोळ्यांना.
नंबर लागायचा होता. मी बाहेर बसून निंदत होते.
"थांब," ती म्हणाली,
आणि लुगडं खोचून पट्टीच्या टोकाशी बसली,
उकिडवी, निंदणाऱ्या बाया बसतात तशी,
पुढे सरकत.

"हा कुर्डू. हा तरोटा, संध्याकाळी पानं मिटते.
थे तिळवण, बोटाले चिकटते, पाय.
आन् हे उपट, मुयासकट."

तुम्हाला एवढंसं असताना कसं कळतं?

"चाळीस साल उपटलं म्या याले.
मले नाई वयखू येनार त कोनाले येईन?"

तिचा हात प्रत्येक रोपाशी जायचा,
बोटं बुडाशी वळायची, मग थांबायची.
दर वेळी. शंभरदा तरी.
विळा पायरीवर ठेवला होता तिनं,
तरी तळहात मुठीचा आकार सोडत नव्हता.
तिचा नंबर पुकारला गेला, तिला ऐकू आलं नाही.

भादव्यात कुर्डू खिडकीपर्यंत आला.
फुलपाखरं ओपीडीच्या रांगेत.
टँकरचं पाणी एक थेंब नाही,
फक्त बेसिनचं सांडपाणी, तेही तेरड्यापुरतं.
डॉक्टर म्हणाले, लोक म्हणतील तण माजलंय.
लोक तसंच म्हणाले.
एकानं तर फवारणीचा पंप द्यायची तयारी दाखवली,
चांगल्या मनानं.

कार्तिकात बी झडायला लागलं
तेव्हा पंचफुलाबाईनं एक पाकीट मागितलं.
कुठं लावणार?
"संडासामागं. जागा हाय. कोनाचं वावर नाई थे."
मी कुर्डू भरला, काळा, चकचकीत, मोहरीहून बारीक.
तिनं सवयीनं सूर्य-चंद्रावर बोट ठेवलं.
"कवा घ्याचं?"

मी सूर्यापुढे खूण केली.
मग आठवलं, चंचीत दुसरं पाकीट आहे.
तिला वाचता येत नाही.
बीपीच्या पाकिटाचा कोपरा मी दुमडला,
आणि दोनदा सांगितलं:
दुमडलेलं ते रोजचं,
न दुमडलेलं, रोहिण्या लागल्यावर.